बारा संगणकांचा बंदोबस्त

आमच्या क्लासमध्ये शिरणं अवघड होतं आणि शिरल्यावर शिकायला मिळणं त्याहून अवघड. साताऱ्यात तेव्हा गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघत होते. कालपर्यंत जिथे टाइपरायटर खडखडत होते तिथे पडदे लागले, एसी बसले आणि 'चपला बाहेर काढा' अशा पाट्या आल्या. आमच्याकडेही ती पाटी होती. फक्त तिच्याखाली आणखी नऊ सूचना होत्या आणि त्या पाळल्या जातात की नाही हे बघायला दारात खुद्द मालक उभे असायचे. मालक म्हणजे सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले सुभेदार. नोकरीभर त्यांनी सरहद्दीवर टेलिफोनच्या तारा सांभाळल्या. निवृत्त झाल्यावर देशाने त्यांच्याशिवाय काम चालवायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी बारा संगणक विकत घेतले आणि त्यांचं रक्षण सुरू केलं. शिकवणं वगैरे मधल्या वेळात व्हायचं.

शिकवायला मी होते. मी लोणंदची, वडील रेल्वेत गँगमन. डिप्लोमा घेऊन साताऱ्यात नोकरी शोधत फिरले तेव्हा तीन क्लासवाल्यांनी माझं नाव विचारलं, मग पूर्ण नाव विचारलं, मग आडनाव नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा विचारलं, आणि नीट ऐकू आल्यावर जागा कालच भरल्याचं त्यांना आठवलं. सुभेदारांनी आडनाव विचारलंच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पर्समधी फ्लॉपी हाय का?"

मी नाही म्हटलं.

"बघू."

मी पर्स टेबलावर पालथी केली. जेवणाचा डबा, एसटीचा पास, कंगवा, दोन सेफ्टीपिना. त्यांनी कंगवासुद्धा उलटून बघितला. मग म्हणाले, "उद्यापासनं रिपोर्ट करा." अशी माझी मुलाखत झाली. माणूस विक्षिप्त आहे हे मला तिथेच कळलं होतं, पण निम्मं मी त्यांना त्याच दिवशी माफ करून टाकलं.

फ्लॉपी म्हणजे तळहातात मावणारा प्लास्टिकचा चपटा चौकोन. एका मशीनवरचं काम दुसरीकडे न्यायचं तर ते तिच्यात भरून न्यायचं, आणि त्याबरोबर व्हायरसही जायचा. हे सगळ्या क्लासवाल्यांना ठाऊक होतं. त्यांचा उपाय सोपा होता, व्हायरस आला की मेकॅनिकला फोन करायचा. सुभेदारांना तो उपाय भ्याडपणाचा वाटे. त्यांनी व्हरांड्यात एक जुनं मशीन मांडलं होतं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटणारं. त्याला ते चौकी म्हणायचे. बाहेरून आलेली प्रत्येक फ्लॉपी आधी चौकीवर तपासली जायची. मग रजिस्टरात नोंद व्हायची, कुणाची, कुठून आली, वाटेत कुणाच्या हातात होती. मग ती त्यांच्या लोखंडी ट्रंकेत एक दिवस नजरकैदेत राहायची.

"सर, तपासून झाली ना? मग ट्रंकेत कशाला?" मी एकदा विचारलं.

"पैल्या चौकशीत कोन खरं बोलतंय? दुसऱ्या दिशी पुन्हा इचारायचं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी, सही, शिक्का, आणि मग फ्लॉपी आत. तोवर विद्यार्थी आपण काय करायला आलो होतो ते विसरलेला असायचा. कुणी कुरकुर केली की सुभेदार एवढंच म्हणायचे, "आधी तपासनी, मग वळख." हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून दहा वेळा निघायचं. स्वतःच्या मेहुण्यालाही त्यांनी ते ऐकवलं होतं, तो दिवाळीला भेटायला आला होता तेव्हा.

एकदा पुण्याहून एक टायवाला विक्रेता आला. त्याच्याकडे जगातले सगळे व्हायरस पकडणारा प्रोग्राम होता, फ्लॉपीत. सुभेदारांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि ती फ्लॉपी चौकीवर घातली. दोन मिनिटांनी हिरव्या अक्षरांत उत्तर आलं. व्हायरस पकडणाऱ्या फ्लॉपीतच व्हायरस होता.

"असं होणं शक्य नाही. कंपनीची फ्लॉपी आहे," विक्रेता म्हणाला.

"व्हय, व्हय. चहा घ्या. कुठनं निघाला सकाळी? वाटेत कुनाकडं थांबला?"

ती जबानी जेवणाच्या वेळेपर्यंत चालली. शेवटी रडकुंडीला येऊन तो म्हणाला, "साहेब, मी फक्त विकतो हो. मला कॉम्प्युटर येत नाही." सुभेदारांनी तेही लिहून घेतलं आणि खाली त्याची सही घेतली.

कबूल करायला जिवावर येतं, पण आमच्याकडे व्हायरस कधीच आला नाही. शेजारच्या क्लासची मशीनं महिन्यातून दोनदा आडवी व्हायची आणि तिथला मालक कॅरम मांडून बसायचा. आमची बाराच्या बारा उभी असायची. त्यांच्यापर्यंत कुणी पोचतच नव्हतं, हा भाग वेगळा.

मग परवलीचा शब्द. संगणकाला पासवर्ड असतो तर क्लासच्या दाराला का नको, असं सुभेदारांच्या मनात आलं. रोज सकाळी ते एक नवा शब्द माझ्या कानात सांगायचे आणि मी तो विद्यार्थ्यांपर्यंत पोचवायचा. "शब्द सांगितल्याबिगर कुनालाबी आत घ्यायचं न्हाई. मी आसलो तरी." त्या दिवशीचा शब्द होता दोडका. दुपारी ते पोस्टात जाऊन आले आणि दार वाजवलं.

"पासवर्ड?" मी आतून विचारलं.

मग आवाज आला, "मॅडम, मी हाय."

"ते कळलं सर. पासवर्ड?"

"भाजीतलं कायतरी हुतं."

"भाज्या पुष्कळ आहेत सर."

त्यांनी वांगं म्हणून बघितलं. मग घेवडा, मग भोपळा. तीन वेळा चुकल्यावर दार बंद, हा नियम त्यांचाच होता. ते व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले ते बॅच सुटेपर्यंत. मधल्या वेळात रजिस्टरात नोंद केली, 'एक इसम. परवलीचा शब्द चुकला. आत सोडला नाही.' दुसऱ्या दिवशी सगळ्या विद्यार्थ्यांसमोर त्यांनी माझं कौतुक केलं, अशी माणसं पलटणीत पाहिजेत म्हणाले. मी ते निव्वळ खोडसाळपणानं केलं होतं हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

संध्याकाळी सहाच्या बॅचला शालन यायची. ती वाईची. नवरा साताऱ्यात एका सरकारी कचेरीत होता, तो एकाएकी गेला आणि त्याच्या जागी अनुकंपा म्हणून हिला घेतलं. अट अशी की दोन वर्षांत संगणकाची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी संपली. एकदा ती नापास झाली होती. माऊस हातात धरला की तिचा खांदा कानापर्यंत जायचा. दोन वर्षं भरायला आता दीड महिना उरला होता आणि परीक्षा सहा महिन्यांतून एकदाच व्हायची. म्हणजे ही शेवटची.

"मॅडम, ह्यात पास व्हायचं म्हंजे व्हायचंच," ती म्हणायची. "न्हाईतर पोरीला घेऊन भावाच्या दारात. भाऊ न्हाई म्हननार न्हाई, पर वैनीचं त्वांड मला आत्ताच दिसतंय."

तिची फ्लॉपीसुद्धा नजरकैदेतून सुटली नव्हती. सुभेदारांच्या राज्यात तेवढी समता होती.

नव्व्याण्णव साल असेल. एसटी स्टँडजवळ सायबर कॅफे निघालं आणि सगळा सातारा ईमेलचे पत्ते काढायला लागला. आमच्या क्लासला टेलिफोनची तार जोडायला सुभेदारांनी साफ नकार दिला. "ती वायर म्हंजे चोवीस तास उघडं दार." पण पुण्यातले, बेळगावातले जुने सोबती ईमेलवर गेल्यामुळे त्यांचीही पंचाईत झाली. त्यावर त्यांनी तोडगा काढला. पत्ता कॅफेत उघडला, आणि कॅफेवाल्याला सांगितलं की मेल आली की छापून, पाकिटात घालून, क्लासवर पोचती कर. ते ईमेल फक्त कागदावर वाचायचे. "कागदातनं व्हायरस येत न्हाई," असं मला त्यांनी समजावून सांगितलं.

सोमवारी परीक्षा होती. शनिवारी दुपारी पाकीट आलं. पुण्यातल्या एका निवृत्त सोबत्यानं पाठवलेलं, त्याला आणखी कुणीतरी पाठवलेलं. वर मोठ्या अक्षरांत 'तातडीचा इशारा'. आत मजकूर असा की एक नवा व्हायरस जगभर पसरतो आहे, कुठल्याही प्रोग्रामला तो सापडत नाही, चौदा दिवस झोपून राहतो आणि मग मशीन खलास करतो. अमुक नावाची फाईल तुमच्याकडे आहे का बघा. असली तर ताबडतोब काढून टाका. आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा.

आम्ही पहिल्या मशीनवर शोधलं. फाईल होती. दुसऱ्यावर होती. बाराच्या बारा मशीनवर होती.

"सर, सगळीकडेच आहे म्हणजे ती मुळातलीच असेल," मी म्हटलं.

"सगळीकडं हाय म्हंजे घुसखोरी पुरी झालीया."

"पण चौकीवर काहीच सापडलं नव्हतं."

"त्येच तर लिवलंय ह्यात. कुनालाच सापडत न्हाई."

ज्या माणसानं मेहुण्याची ओळख तपासल्याशिवाय त्याला पाणी दिलं नाही, त्यानं तो कागद एकदाही तपासला नाही. वरून आलेला तातडीचा संदेश होता, आणि असल्या संदेशावर शंका घ्यायची नसते, तो पुढे पोचवायचा असतो, हे त्यांनी नोकरीभर केलं होतं. फाईल काढायला माऊस माझ्याच हातात होता. मी बारा वेळा ती काढली. मला शंका आली होती हे खरं, पण शनिवारी सहाची बॅच नसायची आणि वाद घालण्यापेक्षा मला चारची लोणंद गाडी पकडायची होती.

रविवारी सुभेदार स्कूटरवर बसले. त्या इशाऱ्याचं मराठी करून, खाली सही आणि केंद्राचा शिक्का मारून, त्याच्या झेरॉक्स काढल्या होत्या. सातारा झाला, वाई झाली, पाचगणीला एका शाळेची संगणकाची खोली उघडायला लावली, लोणंदलाही येऊन गेले. सोळा ठिकाणी स्वतः पत्र दिलं आणि सोळा ठिकाणी रजिस्टरात पोच घेतली. ज्या गोष्टीला साताऱ्यात पसरायला कदाचित महिना लागला असता ती त्यांनी एका दिवसात घाट चढून नेली.

सोमवारी सकाळी नऊला पुण्याच्या परीक्षा मंडळाचे परीक्षक आले. मी मशीनं चालू केली. बारा पडदे काळे झाले आणि काळेच राहिले. व्हरांड्यातली चौकी तेवढी चालू होती, पण तिच्यावर परीक्षेचा प्रोग्राम चालण्यातला नव्हता. समोरच्या एसटीडी बूथवरून मी पुण्याच्या मेकॅनिकला फोन लावला. फाईलचं नाव ऐकून तो आधी हसला. पोटभर हसून झाल्यावर म्हणाला, "अहो, ती विंडोजचीच फाईल आहे. ती मेल म्हणजे कुणाची तरी थट्टा आहे. कुणाची काढली नाहीत ना?" तो दोन दिवसांनी येतो म्हणाला.

परत येऊन मी ते सगळ्यांसमोरच सांगितलं, कारण कोपऱ्यात नेऊन सांगायला कोपरा नव्हता. सुभेदार उभेच होते. फक्त त्यांनी हात मागे घेतले आणि एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलं.

परीक्षक भला माणूस होता. त्यानं एक फॉर्म काढला. परीक्षा न झाल्याचं कारण लिहायचं होतं. कारण केंद्राच्या हाताबाहेरचं असेल तर उमेदवारांना पुढची परीक्षा, सहा महिन्यांनी, आणि केंद्राला काही नाही. चूक केंद्राची असेल तर उमेदवारांना पंधरा दिवसांच्या आत दुसऱ्या केंद्रावर बसवायचं, आणि या केंद्राची मान्यता रद्द.

"व्हायरस आला असं लिहा," परीक्षक म्हणाला. "सगळे तेच लिहितात. कुणी विचारत नाही."

मीही मनातून तेच म्हणत होते. मान्यता गेली म्हणजे क्लास गेला, आणि क्लास गेला म्हणजे मी पुन्हा आडनाव सांगत फिरणार. हे मी आज निलाजरेपणानं लिहिते आहे, पण तेव्हा मी शालनकडे बघायचं टाळलं.

ती दाराशी उभी होती. "सर," ती म्हणाली, "सा म्हैन्यांनी माझी नोकरीच नसंल."

सुभेदारांनी फॉर्म ओढून घेतला. "माझ्या चौकीवरनं आजपातूर काय आत गेलं न्हाई," ते परीक्षकाला म्हणाले. "व्हायरस आला आसं मी लिवनार न्हाई. मी हातानं केलंय." आणि उभ्याउभ्या लिहिलं, 'केंद्रप्रमुखाने शहानिशा न करता आवश्यक फाईल काढून टाकली. चूक केंद्राची.' त्याखाली सही. शिक्का मारला आणि तो शिक्काही परीक्षकाच्या हवाली केला.

त्यांनी ते शालनसाठी लिहिलं की चौकीच्या अब्रूसाठी, हे त्या दिवशी मला सांगता आलं नसतं. आपल्या पहाऱ्यातून व्हायरस शिरला असं लिहून देणं त्यांना मान्यता जाण्यापेक्षा जड गेलं असावं, असं मी घरी सांगितलं. रागात होते मी.

पुढचे दोन दिवस सुभेदार पुन्हा स्कूटरवर. त्याच सोळा ठिकाणी जाऊन 'इशारा रद्द' म्हणून सांगितलं आणि पुन्हा पोच घेतली. दोन ठिकाणी उशीर झाला होता. वाईचा एक क्लासवाला म्हणाला, "आवं, तुमच्यापरीस व्हायरस बरा, त्यो निदान सही तरी घेत न्हाई." सुभेदारांनी ती पोचसुद्धा जपून ठेवली. सोळापैकी सोळा पुरे झाले, रजिस्टर बंद झालं.

शालनला सांगलीचं केंद्र मिळालं. ती एकटी कधी कराडच्या पुढे गेली नव्हती म्हणून मी निघाले, आणि स्टँडवर बघते तर सुभेदार आधीच खिडकी धरून बसलेले. कुणी बोलावलं नव्हतं.

सांगलीचा क्लास म्हणजे आमच्या क्लासचा बरोबर उलटा. दार सताड उघडं, मुलं बुटांसकट आत, फ्लॉप्या एकमेकांकडे फेकल्या जात होत्या. सुभेदार उंबऱ्यात थबकले, मग चपलांसकट आत आले. अकराला परीक्षा होती. सव्वादहा झाले होते. मालक पहिल्या मशीनसमोर बसला होता. "बसा, बसा. परीक्षेआधी येवढी घाण काढून टाकतो सगळ्या मशीनवरची."

त्याच्या डोक्यावर, भिंतीला, झेरॉक्सचा फॅक्स चिकटवलेला होता. अक्षरं फिकट झाली होती, पण सही आणि शिक्का ठसठशीत.

"हे कुठनं आलं?" सुभेदारांनी विचारलं.

"वाईला माझा साडू असतोय, त्येनं फॅक्स केलंय. साताऱ्याच्या कुनी मिलिटरीवाल्यानं काढलंय. लय काळजी घेनारा मानूस दिसतोय." आणि त्यानं माऊस हातात घेतला.

"थांबा. ते खोटं हाय."

"तुमी कोन?"

"मीच त्यो."

मालकानं वर बघितलं. पायात चपला, अंगात साधा सदरा, दाढी दोन दिवसांची. "मग तुमीच लिवताय काढा आन् तुमीच म्हनताय काढू नका? कागदावर सही-शिक्का हाय. तुमच्या तोंडावर कुटं शिक्का हाय? शिक्का दावा."

"शिक्का जमा केलाय."

"का?"

"ह्याच पायी. बारा मशीनं मारली मी. ह्या बाईची परीक्षा बुडवली. आता तुमी ती फाईल काढलीत तर ही आजबी बुडंल, आन् हिला उद्या न्हाई."

एका पोरानं फिदीफिदी हसायला सुरुवात केली होती, ते मधेच थांबलं. मालक काही ऐकण्यातला वाटेना, तो कागदाकडे बघत होता आणि मग यांच्याकडे. तेव्हा सुभेदार खुर्चीवर चढले. खिशातून पेन काढलं आणि भिंतीवरच्या त्या कागदावर, आपल्या सहीच्या बाजूला, लिहिलं, 'वरील इशारा खोटा आहे. मी न तपासता पाठवला. माझी चूक.' आणि दुसरी सही केली. खाली उतरून म्हणाले, "दोनी सह्या ताडून बघा."

मालकानं खरंच ताडून बघितल्या. मग माऊस सोडला.

साडेबाराला शालन बाहेर आली. सुभेदार तोवर जिन्याच्या पायरीवर बसून होते. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांना काहीतरी बोलावं असं फार वाटत होतं, पण मला एवढंच सुचलं, "पाणी आणू का सर?" ते नको म्हणाले. दर दहा मिनिटांनी ते उठून शालनचं मशीन चालू आहे ना हे दारातून बघून येत होते. घरी रागात मी काय बोलले होते ते मला त्या पायरीवर आठवलं आणि स्वतःची लाज वाटली.

शालन पास झाली. काठावर, पण झाली. पुढे बढती मिळून निवृत्त झाली. आमचा क्लास त्याच महिन्यात बंद पडला आणि सुभेदार गावी शेतावर राहायला गेले. मला सांगलीच्या त्या मालकानं नोकरी दिली, मीही नको म्हटलं नाही.

आता माझ्या फोनवर रोज सकाळी चार-पाच इशारे येतात. अमुक नंबर उचलू नका, तमुक लिंक उघडली की खातं रिकामं, सगळ्यांना कळवा. पाठवणारे चांगले शिकलेले, ओळखीचे लोक असतात. निम्मे इशारे खोटे निघतात. मी प्रत्येकाला उलट विचारते, हे तुम्ही तपासलं का? उत्तर येतं, आलं तसं पुढे पाठवलं. इतक्या वर्षांत त्यातला एकही परत येऊन 'माझी चूक' असं लिहून गेलेला नाही.